काळ्या तारेचा अर्थ

मला फक्त मोबाइल चार्ज करायचा होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यावरून लोकांनी माझ्या हेतूबद्दल नाना शंका घेतल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर लेखी घेतल्या.

माझी मोटारसायकल लांबच्या प्रवासासाठी बनवलेली आहे. ऐसपैस सीट, पुढे उंच काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. घेतल्यापासून ती रोज ऑफिसला जाते आणि संध्याकाळी परत येते. उजव्या पेटीत रेनकोट असतो, डाव्या पेटीत डबा. विकणाऱ्याने तिच्यावरून देश पालथा घालणाऱ्यांचे फोटो दाखवले होते, पण ती माणसं नोकरी करत नसावीत.

मी करतो. विमा कंपनीच्या दावा विभागात. ‘वाहनधारकाने मूळ वायरिंगमध्ये परस्पर फेरफार केल्यामुळे दावा मान्य करता येत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की झोपेत कोणी पाणी मागितलं तरी तोंडातून तेच येईल. अशा माणसाने स्वतःच्या गाडीची वायर कापायला घ्यावी, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

झालं असं, की बायकोचे मामा निवृत्त होऊन डोंगरापलीकडे तळ्याकाठी राहायला गेले आणि त्यांनी सगळ्या भाच्यांना शनिवारी बोलावलं. जायचा बेत आमच्या मेहुणीच्या घरी जेवताना ठरला. मेहुणी म्हणजे बायकोची थोरली बहीण, आणि तिचे यजमान म्हणजे माझे साडू. साडू या नात्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दोन माणसांना सासरा एकच मिळाला म्हणून त्यांनी आयुष्यभर एकमेकांच्या गाड्या बघायच्या, एवढंच ते नातं आहे. आमच्या साडूंची गाडी मोठी आहे आणि तिच्यात जे जे आहे ते ‘कंपनीकडूनच येतं’. हे ते स्वतः सांगतात. न विचारता सांगतात.

साडू म्हणाले, तुम्ही दोघं आमच्याच गाडीत या, मागची सीट रिकामीच असते. मी मान हलवण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात बायको म्हणाली, “नको. आम्ही मोटारसायकलवर येऊ.”

मेहुणीने चमचा खाली ठेवला. जी बाई मंडईच्या पलीकडे माझ्या मागे बसून कधी गेली नाही, तिने हे भर पंगतीत म्हटलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं, पण ती पाणी पीत होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आपली बायको चारचौघांत आपल्या बाजूने बोलली तर माणसाला काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. मला गहिवरून आलं आणि मी दोनदा वाढून घेतलं.

साडू शांतपणे म्हणाले, “डोंगरात मोबाइल बंद पडला तर रस्ता कसा शोधणार? आमच्या गाडीत चार्जर कंपनीकडूनच येतो.”

तेव्हा प्रश्न माझ्या मोबाइलचा राहिला नाही. शनिवारी सकाळी माझी गाडी नीट निघाली नाही, तर बायकोला सगळ्यांसमोर साडूंच्या मागच्या सीटवर बसावं लागणार आणि तिचा शब्द माझ्यामुळे पडणार. हे मी होऊ देणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी मी चार्जर आणायला दुकानात गेलो.

साडूंचा मात्र रोज काही ना काही निमित्ताने फोन यायचा. डोंगरात धुकं असतं, असं ते म्हणाले, म्हणून मी धुक्याचे दिवे आणले. ट्रकवाले ऐकत नाहीत, असं म्हणाले, म्हणून मोठ्या आवाजाचा हॉर्न आणला. पहाटे हात गारठतात म्हणाले, तेव्हा हात गरम ठेवणाऱ्या मुठी आणल्या. शेवटी त्यांनी सहज विचारलं, की एवढ्या प्रवासात तुम्ही दोघं एकमेकांशी बोलणार कसं? हा प्रश्न माझ्या काळजात घुसला.

आमच्याकडे पूर्वी जुनी स्कूटर होती, तेव्हा सगळा संवाद थापांवर चालायचा. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. तेवढ्यावर आमची सुरुवातीची वर्षं सुखात गेली. पण आता आयती संधी आली होती. जी बायको माझ्यासाठी भर पंगतीत बोलली, तिला डोंगर उतरेपर्यंत मुकं बसवायचं? मी दोन्ही हेल्मेटमध्ये बसवायचा बोलण्याचा संच आणला. बिनतारी संच परवडण्यासारखा नव्हता, म्हणून तारेचा. हेल्मेटमधून निघालेली तार गाडीला जोडायची आणि निवांत बोलत जायचं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या बाईंनी माझी पिशवी पाहून सांगितलं, की आम्ही फक्त अधिकृत वस्तू बसवतो. मी म्हटलं, मग अधिकृत द्या. तर या मॉडेलच्या अधिकृत वस्तू अजून आलेल्याच नाहीत. मग बाहेरून बसवून घेतल्या तर? तर वॉरंटी जाते. आणि ज्या अजून आल्याच नाहीत त्या येईपर्यंत? तोवर वाट पाहायची, त्याने वॉरंटी जात नाही. मी स्वतः बारा महिने लोकांना अशीच उत्तरं देतो, त्यामुळे मला राग आला नाही. उलट त्यांच्या भाषेची सफाई पाहून थोडा आदरच वाटला.

तेव्हा काम घरीच करायचं ठरलं, म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मी सीट काढून भिंतीला टेकवली मात्र, तळमजल्यावर राहणारे सेक्रेटरी बाहेर आले. नियमाप्रमाणे पार्किंगमध्ये फक्त वाहन ठेवता येतं, सामान नाही. आता सीट काढलेली मोटारसायकल हे वाहन की सामान? मी म्हटलं, दोन चाकं आहेत, म्हणजे वाहनच. ते म्हणाले, चाकं हातगाडीलाही असतात. यावर कमिटीतल्या तिघांचं फोनवर मत घेण्यात आलं. शेवटी असं ठरलं, की कोणत्याही क्षणी सीट आणि इंजिन यांपैकी निदान एक गाडीवर असलंच पाहिजे. मला इंजिन काढायचं नव्हतं, त्यामुळे मी ही अट मोठ्या मनाने मान्य केली.

आमच्या वर तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. आयुष्यभर वीज मंडळात मोठ्या पदावर होते, उच्च दाबाच्या तारा, टॉवर, उपकेंद्रं असलं काम, म्हणून सगळे त्यांना हायटेन्शन काका म्हणतात. प्रत्यक्षात इतका निवांत माणूस सोसायटीत दुसरा नाही. निवृत्त झाल्यापासून ते चिंतनाकडे वळले आहेत. सकाळी बागेत फिरताना भेटेल त्याला जीवनाबद्दल एखादा विचार देतात. दूधवाल्याने त्यांच्यामुळे वेळ बदलली आहे. मी वायर सोलत बसलो की ते गॅलरीच्या कठड्यावर कोपरं टेकून वरून बघत राहायचे.

काम मी व्हिडिओ बघून शिकलो. व्हिडिओतला मुलगा भराभर बोलायचा आणि त्याच्या हाताला काळं लागत नसे. लाल तार बॅटरीकडे, मध्ये फ्यूज, मग रिले. रिले म्हणजे काय ते दुकानदाराने समजावून दिलं होतं: बटणाने रिलेला नुसता इशारा करायचा आणि जड काम रिलेने करायचं. म्हणजे आमच्या ऑफिसातल्या साहेबांसारखी व्यवस्था, हे मला लगेच पटलं. राहिली काळी तार. तिला तो मुलगा ‘ग्राउंड’ म्हणायचा, आणि सगळ्या काळ्या तारा एकत्र करून गाडीच्या सांगाड्यावर एखाद्या बोल्टखाली आवळा म्हणायचा.

पहिला प्रयत्न चार्जरचा. लाल तार मी मागच्या दिव्याच्या तारेला जोडली. मोबाइल चार्ज झाला, पण ब्रेक दाबल्यावरच. ब्रेक सोडला की थांबायचा. सबंध प्रवास ब्रेक दाबून केला असता तर मोबाइल पूर्ण भरला असता, पण मग मामांकडे पोचलो नसतो. ते सगळं उकलून मी नव्याने बॅटरीपासून सुरुवात केली आणि या वेळी मनापासून केली. तारा सरळ रेषेत नेल्या, दर वितीवर बांधल्या, टोकांना टेप गुंडाळली. काळ्या तारांसाठी सीटखालचा एक बोल्ट निवडला. त्याच्याभोवती थोडा गंज होता. मला अर्धवट काम आवडत नाही. मी गंज घासला, बोल्टला आणि भोवतालच्या पत्र्याला काळ्या रंगाचे दोन हात दिले, वाळू दिले, आणि मग त्या चकचकीत रंगावर सगळ्या काळ्या तारा घट्ट आवळल्या. बायकोला खाली बोलावून तो बोल्ट मुद्दाम दाखवला. तिने पाहिला, माझ्या विजारीवरचा रंगही पाहिला, आणि म्हणाली, “अहो, या सगळ्याला काही अर्थ आहे का?”

हे तिचं नेहमीचं वाक्य आहे. मी बुद्धिबळाच्या वर्गाला नाव घातलं तेव्हा आणि गच्चीवर टोमॅटो लावले तेव्हाही ती हेच म्हणाली होती. त्यामुळे मी ते मनाला लावून घेतलं नाही.

मग मी किल्ली फिरवली. धुक्याचे दिवे लावले, तर ते लागले नाहीत, इंडिकेटर मिणमिणले. हॉर्न दाबला, तर दिव्यांत थोडी धुगधुगी आली आणि हॉर्नमधून सर्दी झाल्यासारखा आवाज निघाला. मुठी गरम करायला बटण दाबलं, तर हेल्मेटमध्ये कोणीतरी गुणगुणायला लागलं. कुठलंच बटण स्वतःचं काम करत नव्हतं, प्रत्येक जण दुसऱ्याच्या कामात लुडबुडत होता. फ्यूज बदलून पाहिला, रिले बदलून आणला, लाल तार पुन्हा वेगळी करून जोडली. काळ्या तारेकडे बघायचं काही कारणच नव्हतं, गाडीत सगळ्यांत सुबक तीच होती.

दमून मी गाडी एक चक्कर फिरवून आणायला काढली, आणि फाटकापाशी चमत्कार झाला. तिथे स्पीडब्रेकर आहे, आणि तो सेक्रेटरींच्या खिडकीखाली येतो. गाडीला दणका बसला आणि सगळं एकदम सुरू झालं. दिवे भक्कन पेटले, हॉर्न ट्रकला लाजवेल असा वाजला, चार्जर लागला, मुठी तापल्या. पुढच्या क्षणी सगळं बंद. परत येताना पुन्हा तसंच. सेक्रेटरी खिडकीत आले. मी मान लववून नमस्कार केला. संध्याकाळपर्यंत मी बिघाड शोधण्यासाठी बऱ्याच चकरा मारल्या, आणि प्रत्येक चकरेला जाताना एकदा, येताना एकदा, सेक्रेटरींच्या खिडकीत भर उजेड पाडून हॉर्न वाजवला गेला. मी तो वाजवत नाही, तो आपोआप वाजतो, हे त्यांना पटवण्याचा मी प्रयत्न केला. त्यांनी विचारलं, मग नेमका माझ्याच खिडकीशी का? या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर ‘गतिरोधकावर वैयक्तिक भावना व्यक्त करू नयेत’ अशी सूचना लागली. नाव नव्हतं, पण लोक माझ्याकडे बघून ती वाचत होते.

शुक्रवारी संध्याकाळी मी अगदी हरलो. जमिनीवर बसून गाडीकडे बघत होतो, तेवढ्यात काका बागेतून फेरी मारून आले. मी त्यांना सगळं सांगितलं, जे लागायला हवं ते लागत नाही आणि भलतंच लागतं म्हणून. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

“अर्थ नसला की असंच होतं,” ते म्हणाले. “सगळी शक्ती असते, पण जायला वाट नसते. मग ती दुसऱ्यांच्यात घुसते. अर्थ शोध. बाकी सगळं बरोबर आहे तुझं.”

मला ते फार लागलं. मी ऑफिसातली माझी वर्षं आठवली, नामंजूर केलेले दावे आठवले, बुद्धिबळ आणि टोमॅटोही आठवले. खरंच, कुठे होता अर्थ? मी काकांना म्हटलं, प्रयत्न करतो. ते म्हणाले, “कर. सोपं असतं. लोक उगाच त्यावर रंग चढवतात.” केवढं खोल बोलले. ते वर गेल्यावरही मी बराच वेळ तसाच बसून होतो. गाडीकडे बघायचं राहूनच गेलं.

शनिवारी सकाळी साडूंची गाडी फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. एकत्र निघायचं ठरलं होतं. साडू उतरले, माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, वा. मी बटण दाबलं. इंडिकेटर मिणमिणले. पुन्हा दाबलं, हॉर्न कण्हला. वास्तविक गाडी सुरू होत होती, चालतही होती. पण डोंगरात धुकं होतं, आणि माझ्या प्रयोगांत मूळच्या हॉर्नची तार मी कायमची निकालात काढली होती. हॉर्नशिवाय वळणांच्या रस्त्यावर बायकोला मागे बसवून न्यायची माझी हिंमत नव्हती. सेक्रेटरी खिडकीत होते. काका वर गॅलरीत होते. मेहुणीने गाडीतून उतरून मागचं दार उघडलं, अगदी प्रेमाने, आणि म्हणाली, “चल गं, बस. त्यांना येऊ दे मागून.”

बायको हातात हेल्मेट घेऊन उभी होती. तिने त्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या नजरेत राग असता तर चाललं असतं. ती रडवेली झाली होती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“आठवडाभर खपलात,” ती म्हणाली. “या सगळ्याला काही अर्थ आहे का?”

“नाहीच आहे!” वरून काकांचा आवाज आला. “वहिनींना कळलं बघ. मी कालपासून तेच सांगतोय. अर्थ कुठे दिलायस?”

मी वर पाहिलं. सगळ्यांनीच वर पाहिलं.

“अरे अर्थ, अर्थ! अर्थिंग! काळी तार कुठे आवळलीस?”

एखाद्या शब्दाचे दोन अर्थ असावेत हे ठीक आहे. पण त्यातला एक विजेचा असावा आणि तो मला साडूंसमोर कळावा, हे मी माझ्या वाईटावर असलेल्या कोणाच्याही वाट्याला येऊ नये असं म्हणेन. मी हळूच सांगितलं, सीटखालच्या बोल्टला. काकांनी विचारलं, पत्रा घासून लावलीस ना? मी म्हटलं, घासला, आणि मग रंग दिला. किती? दोन हात. काका कठड्यावरून आणखी पुढे वाकले. मग म्हणाले, “रंगातून वीज जात नाही रे. दणक्याने बोल्ट हलला की तेवढ्यापुरता टेकत असेल. खरवड तो.”

मी सीट काढली आणि पाना शोधायला लागलो. पण बायकोने माझ्या हातात हेल्मेट दिलं, वाकून बोल्ट हाताने सैल होतो का पाहिला, मग माझ्या हातून पाना घेऊन तो सैल केला, आणि घराच्या किल्लीने माझा सगळा चकचकीत रंग खरवडून काढला. खालून पांढरा पत्रा निघाला. तिने तारा ठेवल्या, बोल्ट आवळला, सीट परत बसवली आणि ती बाजूला झाली.

मी बटण दाबलं. धुक्याचे दिवे भर उजेडात सेक्रेटरींच्या भिंतीवर पडले. हॉर्न वाजला, आणि हॉर्नच वाजला. इंडिकेटर गप्प राहिले. साडू म्हणाले, “आमच्या गाडीत हे कंपनी...” आणि मेहुणीने त्यांना गाडीत बसायला सांगितलं. बायकोने पुढे होऊन ते उघडं दार स्वतःच्या हाताने लावलं. त्या दाराचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

आम्ही निघालो. स्पीडब्रेकरवर हॉर्न वाजला नाही, सेक्रेटरी जरा निराश झालेले दिसले. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, मुठी गरम झाल्या. मी बोलण्याच्या संचाचं बटण दाबलं आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिला मनातला प्रश्न विचारला, की त्या दिवशी पंगतीत तू माझ्या बाजूने बोललीस, का गं?

हेल्मेटमध्ये तिचा आवाज अगदी कानाशी, स्वच्छ आला. खरखर नाही, गुणगुण नाही. काम उत्तम झालं होतं.

“बाजूचं काय त्यात? भाऊजी गाडीत सबंध वाटभर बोलत असतात. माझं डोकं उठतं. म्हटलं, मोटारसायकलवर हेल्मेट घातलं की कोणी कोणाशी बोलत नाही. निवांत बघत जाता येईल.”

मी उगाच गिअर बदलला. थोडं पुढे गेल्यावर तिनेच विचारलं, “अहो, हे बंद कसं करायचं?”

मी सांगितलं. डावीकडचं लहान बटण. तेही पहिल्या झटक्यात चाललं.

मला वाईट वाटलं, हे नाकारत नाही. पंगतीतला तो गहिवर, दोनदा वाढून घेतलेलं जेवण, सगळंच आता परत केल्यासारखं झालं. पण नुसता वारा ऐकत वळणं घेताना हळूहळू बरंही वाटायला लागलं. धुकं आलं, दिव्यांनी त्यात पिवळी वाट पाडली. ट्रक आला, त्याने ऐकलं. आणि एका वळणावर डोंगर अचानक संपला आणि खाली सबंध तळं दिसलं. तेव्हा माझ्या खांद्यावर थाप पडली. मी वेग कमी केला. दुसरी पडली, मी ब्रेककडे पाय नेला. आणि मग तिसरी पडली.

तीन थापांचं आमच्यात काही ठरलेलं नव्हतं. थांबल्यावर विचारावं असं आधी वाटलं, मग विचारलं नाही. तिला नुसतं हेल्मेट टोचत असतं, तर ते उगाच कळलं असतं.